स्वच्छ प्रत

पुस्तकातली पेन्सिल पुसायला खोडरबर वापरू नये, पाव वापरावा. आदल्या दिवशीचा, लादीतला, तेलातुपाचा हात न लागलेला. वरची तपकिरी पापडी काढून टाकायची, आतला पांढरा भाग बोटांत मळून बोराएवढी गोळी करायची आणि कागदावरून एकाच दिशेने, वरून खाली, फिरवायची. गोळी काळी झाली की टाकायची, नवी घ्यायची. मग दाढीच्या ब्रशने कण झटकायचे. एकही कण शिल्लक ठेवायचा नाही, नाहीतर आधी मुंग्या येतात आणि मग कसर लागते. बायबलच्या अभ्यासाच्या पुस्तकांचा कागद कांद्याच्या पापुद्र्यासारखा असतो. रबराने तो सुरकुततो. पावाने काही होत नाही. माझ्या हाताखालून गेलेल्या पानावर आधी कुणी लिहिलं होतं, हे कुणाला ओळखता आलेलं नाही.

हे मी पूर्वी अभिमानाने सांगत असे.

या नाताळ अंकासाठी संपादकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "ताई, पुस्तक विभागातल्या गमतीजमती लिहा. लोकांना आवडतात." गमती आहेत. त्या आधीच सांगून टाकते, नंतर सांगायची इच्छा राहायची नाही.

मी भुईगावची. वडील दुसऱ्यांच्या वाडीत केळी लावायचे, आई भाजीच्या टोपल्या डोक्यावरून बाजारात न्यायची. आमच्या घरात बी.ए. झालेली मी पहिली. पदवीचा कागद आईने येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीखाली काचेत लावला होता आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तो दाखवायची. स्वतःला वाचता येत नसल्याने एकदा काच पुसून तिने तो उलटा टांगला. महिनाभर कुणी बोललं नाही, कारण घरात तो वाचणारी मी एकटीच आणि मी तेव्हा नव्या नोकरीत गुंग होते.

ती नोकरी म्हणजे वसईतल्या एका धार्मिक केंद्राचा पुस्तक विभाग. दोन खोल्या. पुढे काउंटर, मागे कपाटं. लोकांना वाटायचं इथे जपमाळा, मेणबत्त्या आणि प्रार्थनेची पुस्तकं मिळत असतील. तीही मिळायची, पण आमचा खरा माल वेगळा. एक असतं भाष्य. त्यात बायबलमधल्या एका ओळीवर दोन दोन पानं चर्चा असते. एक असते शब्दसूची. तुम्हाला 'मीठ' एवढाच शब्द आठवत असेल, तर सगळ्या बायबलमध्ये मीठ कुठे कुठे आलंय ते ती दाखवते. एका पुस्तकात शुभवर्तमानं, म्हणजे येशूची चार चरित्रं, रकान्यांत शेजारी शेजारी छापलेली असतात, म्हणजे तीच गोष्ट एकाने कशी सांगितली आणि दुसऱ्याने कशी, ते एका नजरेत दिसतं. ही पुस्तकं सेमिनरीत धर्मगुरू व्हायला शिकणारे विद्यार्थी घेत, सिस्टर घेत, धर्मशिक्षणाचे वर्ग घेणारे शिक्षक घेत. बहुतेक इंग्रजी. मराठीत फार थोडी, आणि त्यातलीही अर्धी परदेशातल्या द्राक्षमळ्यांवर आणि बर्फावर बोलणारी.

गिऱ्हाईकं तऱ्हेतऱ्हेची. एका जोडप्याला सर्वांत जाड भाष्य हवं होतं. विषय कोणता, विचारलं तर नवरा म्हणाला, "विषय राहू द्या, शोकेसचा कप्पा साडेनऊ इंचांचा आहे." पाचूबंदरची एक कोळीण मासळीची पाटी बाहेर ठेवून आत आली. तिचा मुलगा सेमिनरीत होता. "बाय, माझा पोरगा कोनतं पुस्तक वाचतो ते मला दाव," म्हणाली. मी दाखवलं. तिने हात पदराला पुसले, पुस्तक उचललं, वजन घेतलं आणि म्हणाली, "येवढं डोक्यात कुठं ठेवतो? लहानपनी दोन बाजार सांगितले तर एक विसरून यायचा." बोळिंजच्या संकुलातले एक निवृत्त काका दर बुधवारी येत. जातीने ब्राह्मण. बायबलमधल्या, सगळं गमावलेल्या ईयोबाच्या दुःखावरची चार भाष्यं त्यांनी उभ्या उभ्या वाचून काढली. एकदा म्हणाले, "बाई, तुमच्या या चारही पंडितांना एकदा तरी दात दुखायला हवा होता."

संपल्या गमती.

आमच्या कामाचा एक भाग बाहेरच्यांना माहीत नसतो. धर्मगुरू वारले की त्यांची खोली दोनतीन दिवसांत रिकामी करतात. कपडे आश्रमात जातात, घड्याळ भाच्याकडे, आणि पुस्तकं पोत्यांत भरून आमच्याकडे. मी ती तीन ढिगांत लावायची. वाळवी लागलेली रद्दीत. शाईने लिहिलेली वाचनालयात, कारण शाई निघत नाही. पेन्सिलीने लिहिलेली मी पुसायची आणि आतल्या पानावर कोपऱ्यात शिक्का मारायची, 'स्वच्छ प्रत'. नवं पुस्तक न परवडणारा विद्यार्थी ती घ्यायचा. हा शिक्का मीच करवून घेतला होता. दुसऱ्या केंद्रांतले लोक माझी स्वच्छ प्रत बघायला येत.

आणि माझा एक नियम होता. पुसताना वाचायचं नाही.

त्याला कारण होतं. नोकरीच्या पहिल्या वर्षांत एका धर्मगुरूंचं स्तोत्रांवरचं पुस्तक आलं. नाव सांगत नाही, त्यांच्या हातून अनेकांची लग्नं लागली आहेत. एका पानाच्या समासात, म्हणजे छपाईच्या बाजूच्या कोऱ्या पट्टीत, त्यांनी बारीक अक्षरात तारखा लिहिल्या होत्या. प्रत्येक तारखेपुढे दोनच शब्द. 'आजही नाही.' वर्षानुवर्षांच्या तारखा. ज्याची वाट ते पाहत होते, ते त्यांना कधी मिळालं नसावं. मी ते पान पुसलं. चर्चमध्ये त्यांचा फोटो दिसला की मान खाली जायची. तेव्हा ठरवलं, मेलेल्या माणसाच्या समासात डोकावायचं नाही. नजर अक्षरांवर न ठेवता गोळीवर ठेवायची. हळूहळू इतकी सवय झाली की अख्खं पान पुसून व्हायचं आणि त्यावर मराठी होतं की लॅटिन, हेही कळायचं नाही.

याला मी शिस्त म्हणत होते.

फादर इनास माझे जुने गिऱ्हाईक. पूर्वी सेमिनरीत शिकवायचे, मग वृद्ध धर्मगुरूंच्या निवासात राहायला आले. बुटके, सडपातळ, बोलणं अगदी कमी. चार शुभवर्तमानांवरचं एक आठ खंडांचं इंग्रजी भाष्य त्यांनी आमच्याकडून एकेक खंड करून घेतलं. त्याला सात वर्षं लागली. खिशात कायम पेन्सिलीचा तुकडा, ब्लेडने टोक काढलेला. एकदा मी म्हटलं, "फादर, एवढं लिहिता तर चांगलं पेन घ्या ना."

"शाई शेवटी, बाय," ते म्हणाले. "आधी खात्री होऊ दे."

ते मूळचे आमच्याच भुईगावचे. त्यांची भाची आग्नेस अजून तिथे राहते. तिच्याकडे आले की आमच्या ओट्यावर डोकावायचे आणि आईला विचित्र प्रश्न विचारायचे. मेथीच्या वाफ्यातलं तण कधी उपटायचं? वाट चुकलेली शेळी हाकेने येते की मागे जावं लागतं? पीठ किती वेळात फुगतं? पाचूबंदरला जाऊन कोळ्यांनाही असंच काही विचारत. मला वाटायचं, म्हाताऱ्या माणसाला वेळ जात नाही.

एका रविवारी त्यांनी आईला रहाटाबद्दल विचारलं. हल्लीच्या मुलांसाठी सांगते. पंप यायच्या आधी वाडीतल्या विहिरीवर लाकडी चाक असायचं, त्याला गाडग्यांची माळ, आणि ते चाक रेडा फिरवायचा. आई ओट्यावर वाल सोलत होती. ती हसायला लागली.

"फादर, रहाट ठावा नाय तुमाला? मग तुमचा बाप काय मंतर म्हनून पानी काढीत होता?"

"मला ठाऊक आहे गं," फादर म्हणाले. "पण तू कसं सांगतेस ते ऐकायचंय."

मग आई सांगू लागली. बराच वेळ सांगत होती. गाडग्यांबद्दल काहीतरी. फादरांनी मध्येच मलाही काही विचारलं, आणि मीही काहीतरी सांगितलं. माझं लक्ष नव्हतं. संध्याकाळी एका लग्नाला जायचं होतं आणि ब्लाउज इस्त्रीला होता.

पुढे आई गेली. तिच्यानंतर दोन वर्षांनी फादर गेले. पुस्तकं आली. पाच पोती.

त्यात ते आठ खंड होते. उघडून पाहिलं तर प्रत्येक पानाचे चारही समास पेन्सिलीने भरलेले. एवढं लिहिलेलं पुस्तक मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. ईस्टरआधीचा प्रायश्चित्त काळ सुरू होता, दुकानात गर्दी नव्हती. मी रोज सकाळी बेकरीतून कालचे पाव आणायची आणि बसायची. एका खंडाला पाच-सहा दिवस लागले. फादरांवर माझा जीव होता, म्हणून जास्तच मन लावून केलं. वाटलं, त्यांची पुस्तकं अशी व्हायला हवीत की घेणाऱ्याला नवी वाटावीत. नजर गोळीवर. एकदाही ढळली नाही.

सात खंड झाले. योहानाच्या शुभवर्तमानाचा पहिला भाग मात्र राहिला, कारण त्याची शिवण उसवली होती. तो बाइंडरकडे पाठवायचा म्हणून बाजूला ठेवला होता. तेवढ्यात मास्टर आले.

मास्टर म्हणजे नालासोपाऱ्याचे एक शिंपी. उत्तर प्रदेशातून येऊन वीसेक वर्षं झालेली. दिवसभर शिलाई आणि रविवारी त्याच गाळ्यात कपड्यांचे गठ्ठे सरकवून प्रार्थनासभा. आमच्या पंथाचे नव्हेत, पण माझ्या दुकानात तो प्रश्न नव्हता. त्यांना योहानावरच काही हवं होतं.

"दीदी, ये वाला दे दो ना. फटा है तो मैं सी लूंगा, मेरा तो धंदाच तो आहे."

"मास्टर, इंग्रजी आहे. आणि आत लिहिलंय खूप."

"इंग्लिश बेटी पढ़ेगी, कॉलेजला जाते ती. आणि लिखा हुआ कैसे निकालते, ते तुम्ही सांगा."

मी हौसेने सांगितलं. पाव काढला, गोळी मळली, त्याच खंडाचं पहिलं पान त्यांच्यासमोर पुसून दाखवलं. त्यांनी पान उजेडात धरलं आणि म्हणाले, "वा दीदी. जैसे किसी ने कभी छुआ नहीं." ते वाक्य मी घरी जाताना दोनतीनदा मनात म्हटलं होतं. कौतुक कुणाला नको असतं.

उरलेले सात खंड सेमिनरीतल्या एका शिकाऊ ब्रदरने घेतले. तो खूश, मी खूश.

आठ महिन्यांनी आग्नेस आली. तिने घर दुरुस्तीला काढलं होतं आणि माळ्यावर मामांची एक वही सापडली होती. लांबट, लाल पुठ्ठ्याची. "बघ तुझ्या काही कामाची आहे का," म्हणून ठेवून गेली. या वहीत शाई होती. पहिल्या पानावर फादरांच्या स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, 'वसईकरांसाठी चार शुभवर्तमानांचं मराठी भाष्य. सूची.' खाली एक टीप. 'मजकूर आठ खंडांच्या समासांत आहे. इथे फक्त जागा आणि सांगणाऱ्याचं नाव. खात्री झाली की शाईने उतरवणे.'

मग पानंच्या पानं. मत्तय, भाग दोन, पान इतकं, वरचा समास: जाळ्यातली निवड, पाचूबंदर. लूक, भाग एक, पान इतकं, डावा समास: मिठागरातलं पाणी, मजूर बाई. कोळी, माळी, ताडी काढणारे, मिठागरातले लोक. ज्यांनी जन्मात भाष्य हातात धरलं नाही, त्यांनी सांगितलेलं भाष्य. मराठीतलं असं पुस्तक मागणाऱ्या गिऱ्हाइकांना मी सतत 'नाही' म्हणत आले होते. कुणी मागितलं की सांगायची, अजून कुणी लिहिलेलं नाही. ते लिहिलेलं होतं. माझ्या टेबलावर होतं. दीड महिना मी ते कालच्या पावाने पुसून काढत होते आणि काळ्या गोळ्या कचऱ्यात टाकत होते.

मी केंद्राच्या संचालक फादरांकडे गेले. त्यांनी वही चाळली आणि मिटून परत दिली. मग म्हणाले, "तुम्हाला काय माहीत? तुम्ही तुमचं काम केलंत." हेच मला नंतर पापनिवेदनातही ऐकावं लागलं. जाळीपलीकडचे धर्मगुरू तरुण होते. म्हणाले, "यात पाप नाही, हेतू वाईट नव्हता." मी प्रायश्चित्त मागितलं. ते म्हणाले, गरज नाही. मी तशीच उठून आले. दोष द्यायलाही कुणी तयार नसतं तेव्हा माणसाने ओझं ठेवायचं कुठे, हे कुठल्या भाष्यात मला सापडलेलं नाही.

ब्रदरला कळवून सातही खंड परत मागवले. खिडकीशी तिरप्या उन्हात पानं धरून, भिंग लावून पाहिलं. जोर देऊन लिहिणाऱ्याची पेन्सिल पुसली तरी कागदावर चर राहतो. फादरांचा हात हलका. आणि माझं काम चोख. सातही खंडांत मिळून मला एक 'नाही' दिसलं, एक 'कारण' दिसलं, आणि एका ठिकाणी 'तिला विचार'. कुणाला, काय, माहीत नाही.

वहीच्या शेवटाकडे मात्र एक नोंद होती. 'योहान, भाग एक. येशू विहिरीवर आलेल्या बाईकडे पाणी मागतो तो प्रसंग. खालचा समास, पुढच्या पानावर चालू: रहाट. दोन गोष्टी. पहिली आईने सांगितली, दुसरी लेकीने. दुसरी मला सुचली नसती.' आणि कंसात आमच्या घराचं नाव.

योहान, भाग एक. मास्टरांकडचा खंड.

मी किती आठवायचा प्रयत्न केला ते सांगून उपयोग नाही. आई कुठे बसली होती ते आठवतं. वालाची टरफलं कुठे पडली होती ते आठवतं. इस्त्रीचा ब्लाउज कोणत्या रंगाचा होता तेही आठवतं. ती काय म्हणाली ते आठवत नाही. मी काय म्हणाले ते तर अजिबात नाही. सेमिनरीत चाळीस वर्षं शिकवलेल्या माणसाला जी गोष्ट सुचली नसती, ती भुईगावच्या केळीवाल्याच्या मुलीने सांगितली होती. माझ्या पदवीच्या कागदापेक्षा ती ओळ मोठी, आणि मला ती ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नालासोपाऱ्याला गेले. मास्टरांचा गाळा एका चाळवजा इमारतीच्या तळमजल्यावर. दारात शाळेच्या गणवेशांचे ढीग. मास्टर मशीनवरून उठले, स्टूल पुसून दिलं, चहा सांगितला.

"दीदी, तुम्ही कशाला आल्या एवढ्या लांब? फोन करायचा."

मी म्हटलं, योहानाचं ते पुस्तक जरा बघायचंय.

त्यांचा चेहरा फुलला. आतल्या फळीवरून त्यांनी कापडात गुंडाळलेला खंड काढला. शिवण पक्की घातली होती, निळ्या जाड दोऱ्याने, टाके एकसारखे. वर रेक्झिनचं कव्हर चढवलं होतं. असं काम आमच्या बाइंडरला जमलं नसतं.

"आतमध्ये जे लिहिलं होतं," मी विचारलं, "ते तुम्ही वाचलं होतं का, मास्टर?"

"थोडा थोडा. मराठी हाथ का लिखा मुझे अटक अटक के आता है." ते जरा लाजले. "अच्छा था दीदी. गांव का कुछ था. पानी का, भैंस का. मी म्हटलं, कुणी बडा आदमी नाही, आपल्यासारखाच कोणी लिहिलेला आहे."

"काय होतं पाण्याचं?"

त्यांनी डोळे मिटून आठवून पाहिलं. मशीनच्या चाकावर हात ठेवून उभे राहिले. मग मान हलवली. "नहीं आता. अच्छा था, इतना याद है."

मी विहिरीचं पान काढलं. खालचा समास, मग पान उलटून पुढचा. पांढरे. मागची पानं, पुढची पानं, सगळी पांढरी. बोट फिरवलं, कुठे सुरकुती नाही. कोपऱ्यांत कण नाही. शिवणीच्या खाचेत, जिथे शिकाऊ माणूस हमखास विसरतो, तिथेही ब्रश फिरलेला होता.

"चार महीना लगा," मास्टर म्हणाले. "रोज दुकान खोलने से पहले एक-दो पन्ना. वही पाव, वही तरीका, ऊपर से नीचे. बेटी म्हणाली, पापा, कशाला एवढी मेहनत? मी म्हटलं, दीदीने सिखाया है, दीदी कधी बघायला आल्या तर?"

ते माझ्या तोंडाकडे बघत उभे होते. चहा आला होता, तो त्यांनी माझ्या हातात दिला नाही, मी आधी काय म्हणते याची वाट बघत होते.

मी पुस्तक मिटलं आणि कापडात होतं तसं गुंडाळलं.

"छान पुसलंय, मास्टर," मी म्हटलं. "माझ्यापेक्षा छान."